पगारातून कापले जाणारे 200 रुपये आणि उत्पन्नाचा दाखला न मागणारे वि. स. पागे

महिनाअखेरीला पगाराची स्लिप मोबाईलवर येते. हातात किती पडले ते बघायचं आणि स्लिप बंद करायची, असं बहुतेकांचं असतं. त्याच स्लिपवर पीएफच्या आसपास एक छोटी ओळ असते. प्रोफेशनल टॅक्स, 200 रुपये. फेब्रुवारीत तिथे 300 दिसतात. वर्षाचे झाले अडीच हजार.

हा व्यवसाय कर महाराष्ट्रात आला 1975 साली. तो आणला होता एका योजनेसाठी पैसा उभा करायला. खेड्यातल्या ज्या माणसाला काम हवंय त्याला सरकारने काम द्यायचं आणि त्याचा खर्च शहरातल्या पगारदाराने उचलायचा, असा तो सरळ हिशोब होता. योजनेचं नाव रोजगार हमी योजना. गावाकडे तिला नुसतं रोहयो म्हणतात.

आज लाडकी बहीण योजनेत अडीच लाखांच्या उत्पन्नाची अट आहे. अपात्र नावं वगळायला पडताळणी झाली. त्यावरून एकाच गावात दोन तक्रारी ऐकू येतात. चारचाकी असणाऱ्या घरात पैसे कसे गेले, ही पहिली. आमचं नाव कसं काय कापलं, ही दुसरी. दोन्ही खऱ्या असू शकतात.

साठ वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यातल्या एका माणसाने अशी योजना मांडली जिच्यात उत्पन्नाचा दाखलाच लागत नव्हता. तो माणूस म्हणजे विठ्ठल सखाराम पागे.

बागणीचा मुलगा, परिषदेचा सभापती

वि. स. पागेंचा जन्म 1910 सालचा, बागणीचा. हे गाव आज सांगली जिल्ह्यात येतं, तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं. पागे कायदा शिकले, पण त्यांची पिढी स्वातंत्र्यलढ्याची. पागेही त्यात उतरले आणि तुरुंगात जाऊन आले.

गांधीजींचा प्रभाव आणि संतसाहित्याचा अभ्यास या दोन गोष्टी त्यांच्यासोबत शेवटपर्यंत राहिल्या. सर्वोदयाचा विचार मानणारे राजकारणी अशी त्यांची ओळख होती.

1 मे 1960 ला महाराष्ट्र राज्य झालं आणि त्याच वर्षी पागे विधान परिषदेचे सभापती झाले. ते या पदावर 1978 पर्यंत होते. सलग 18 वर्षं. आमदारांना संसदीय कामकाजाचं प्रशिक्षण देणारं विधिमंडळाचं केंद्र आज त्यांच्याच नावाने चालतं.

सभापती म्हटलं की मान मोठा असतो, पण हातात खातं नसतं. निधी नसतो, कलेक्टरला आदेश देता येत नाही. सभागृहात तर सगळ्या पक्षांना सारखं वागवायचं असतं. म्हणजे सभापतीला एखादी योजना राबवायची असेल तर त्याच्यापुढे एकच रस्ता उरतो. मुख्यमंत्र्यांना पटवायचं.

तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक. पागेंनी त्यांनाच पटवायचं ठरवलं.

700 रुपयांचा हिशोब

रोहयोच्या जन्माचा एक किस्सा नेहमी सांगितला जातो. साल 1965 च्या आसपासचं. पागेंनी पत्नीला विचारलं की सरकारने आपल्याला 700 रुपये दिले, तर आपल्या शेतात किती माणसांना काम देता येईल? पत्नीने शेतीच्या कामांचा अंदाज घेऊन साधारण 15 माणसांना 20 दिवस, असं उत्तर दिलं.

गणित केलं तर एका माणसाची दिवसाची मजुरी निघते सव्वादोन-अडीच रुपये. पागेंनी हा घरचा आकडा घेतला आणि राज्यापर्यंत वाढवत नेला. इतक्या पैशात 15 माणसं, तर इतक्या कोटींत किती? मग त्यांनी नाईकांना लिहिलं.

या किस्स्यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. पागेंच्या हिशोबात मजुरी आहे, दिवस आहेत, माणसांची संख्या आहे. पण ही 15 माणसं गरीब आहेत की नाहीत हे तपासायचा खर्च कुठेच नाही. कारण तो करायची गरजच नव्हती. उन्हात दिवसभर माती उपसायला अडीच रुपयांसाठी कोण येणार? ज्याला त्या अडीच रुपयांची गरज आहे तोच.

याच वर्षी तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात प्रयोग सुरू झाला. हा सगळा दुष्काळी पट्टा. पाऊस कमी, पीक बेभरवशाचं आणि सुगी संपली की मजुराला महिनोन् महिने काम नाही. अशा वेळी लोक मुंबईची वाट धरायचे. प्रयोगाची कल्पना सोपी होती. काम मागायला येईल त्याला गावाजवळच काम द्यायचं. ते कामही असं की ज्याने पुढच्या वर्षी शेताला फायदा होईल. बांध, नाले, तलाव, रस्ते.

गरीब कोण, हे ठरवायचं कोणी?

सरकारी मदत देण्याच्या ढोबळमानाने दोन पद्धती आहेत.

पहिली पद्धत सगळ्यांना देण्याची. शाळेतल्या खिचडीसाठी मुलाच्या बापाचा पगार विचारत नाहीत. 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट मिळतं, तिथे कंडक्टर उत्पन्नाचा दाखला बघत नाही. यात भानगड कमी, पण खर्च जास्त. आणि ज्यांना गरज नाही त्यांनाही मिळतं, ही टीका कायमची.

दुसरी पद्धत निवडून देण्याची. उत्पन्नाची रेषा आखायची, रेषेखालच्यांना द्यायचं, वरच्यांना नाही. 1997 मध्ये रेशनचं असंच झालं. दारिद्र्यरेषेखालचे आणि वरचे असे भाग पडले. 1999 पासून महाराष्ट्रात पिवळं, केशरी आणि पांढरं अशी तीन रंगांची कार्डं आली. पिवळ्याची मर्यादा होती वर्षाला 15 हजार रुपये उत्पन्न, पांढरं 1 लाखाच्या वर. ऐकायला हे न्याय्य वाटतं. जो गरीब, त्याला द्या.

अडचण येते ती उत्पन्न मोजताना. पगारदाराचं उत्पन्न स्लिपवर छापलेलं असतं. मजुराचं कुठे असतं?

रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यातलं गडब घ्या. मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव. हा सगळा पट्टा धरमतर खाडीच्या बाजूचा, खारजमिनीचा. इथे भातशेती बांधाच्या भरवशावर होते. मोठ्या उधाणात बांधाला खांड गेली की खारं पाणी शेतात शिरतं. मग ते शेत एक-दोन हंगाम हातचं जातं. पण सातबाऱ्यावर जमीन तेवढीच दिसते. मागच्या वर्षीच्या भातावर काढलेला उत्पन्नाचा दाखला या वर्षीच्या रिकाम्या कणगीबद्दल काहीच सांगत नाही.

याच जिल्ह्यातली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. कुटुंब भट्टीवर आणि पडताळणी गावात, असं झालं की यादीतून नाव जायला वेळ लागत नाही. म्हणजे ज्याची गरज सगळ्यात मोठी, त्याच्याकडे कागद सगळ्यात कमी.

जगभरात हा झगडा झालाय. ब्रिटनमध्ये 1931 नंतर बेकार भत्ता देताना घरातल्या प्रत्येकाची कमाई आणि शिल्लक तपासायला सुरुवात झाली. निरीक्षक घरात येऊन सामान बघायचे. पोराला नोकरी लागली की बापाचा भत्ता कमी व्हायचा. त्या तपासणीचा लोकांना इतका राग आला की पुढे कित्येक वर्षं तो विसरला गेला नाही. 1942 मध्ये विल्यम बेव्हरिज यांचा अहवाल आला. त्यानंतर तिथे दुसऱ्या मुलापासून पुढे सगळ्या कुटुंबांना भत्ता सुरू झाला. उत्पन्न न विचारता.

पागेंची योजना या दोन्हींच्या मधली होती. दार सगळ्यांसाठी उघडं. जात विचारायची नाही, जमीन किती ते विचारायचं नाही, दाखला मागायचा नाही. पण आत आल्यावर हातात कुदळ घ्यावी लागणार. त्यामुळे सावकार किंवा बागायतदार आपसूक बाहेर राहणार. गरीब कोण हे तलाठ्याने ठरवायचं नाही, काम मागणाऱ्याने स्वतः ठरवायचं.

कल्पना जुनी, पण उलटी केलेली

कामाच्या बदल्यात मदत ही गोष्ट पागेंनी शोधलेली नाही. ती इंग्रजांच्या काळापासून होती.

1876 ते 1878 च्या मोठ्या दुष्काळात दख्खनमध्ये सरकारने खडी फोडायची, रस्त्यांची, कालव्यांची कामं काढली. पण सरकारला धास्ती होती की मदत सोपी केली तर लोक सोकावतील. म्हणून रिचर्ड टेंपल यांनी मजुरी इतकी खाली आणली की मोठ्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी. पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध आवाज उठवला. मजुरांनीही कामं सोडली.

पुढे 1880 च्या दशकात दुष्काळ संहिता तयार झाल्या. त्यातही काम ही एक परीक्षा होती. लोक खरंच उपाशी आहेत का, हे कामावरच्या गर्दीवरून ओळखायचं. गर्दी झाली तर दुष्काळ, नाहीतर नाही. आणि तो जाहीर करायचा अधिकार सरकारचा. लोकांनी मागून काही मिळत नव्हतं.

काम तेच, कुदळ तीच, खडी तीच. पागेंनी बदलला तो मालकी हक्क. दुष्काळ जाहीर होवो न होवो, काम मागायचा अधिकार मजुराचा. मागितल्यावर द्यायची जबाबदारी सरकारची. आधी काम ही लोकांना दूर ठेवायची युक्ती होती. आता तोच हक्क झाला.

गडबच्याच तालुक्यात गागोदे नावाचं गाव आहे. विनोबा भावे तिथले. सर्वोदयाच्या विचारातून विनोबांनी 1951 पासून भूदान मागितलं, ते जमीनमालकांच्या मनाला हात घालून. पागेही त्याच विचाराचे, पण त्यांनी मार्ग धरला कायद्याचा. देणाऱ्याच्या चांगुलपणावर अवलंबून राहावं लागणार नाही, असा.

1972 चा दुष्काळ

1972 मध्ये वसंतराव नाईकांच्या सरकारने आपल्या 15 कलमी कार्यक्रमात रोजगार हमी घेतली. मागेल त्याला काम, ही ओळख तेव्हापासूनची.

आणि त्याच वर्षी पाऊस गेला.

1972-73 चा दुष्काळ आजही गावागावात बोलण्यात निघतो. मिलो आणि सुकडी खाल्लेली पिढी अजून आहे. विहिरी आटल्या, जनावरं गेली. सरकारने जागोजागी दुष्काळी कामं काढली. 1973 च्या मे महिन्यात या कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. पाझर तलाव, नाला बांध, रस्ते आणि डोंगराएवढी फोडलेली खडी.

इतका मोठा दुष्काळ पडूनही जुन्या दुष्काळांसारखे मृत्यूंचे ढीग लागले नाहीत. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी पुढे या दुष्काळाचा अभ्यास केला. गावाजवळ मिळालेली मजुरी हे त्यामागचं मोठं कारण मानलं जातं.

या दुष्काळाने पागेंच्या कल्पनेची परीक्षा आधीच घेतली. लाखोंच्या संख्येने लोक आले तरी राज्य काम काढू शकतं, हे दिसलं. दुष्काळी कामं थांबल्यावर रोहयो नेहमीची योजना म्हणून पुन्हा पुढे आली. मग प्रश्न आला पैशाचा.

शहरवाले तयार कसे झाले?

दुष्काळात मदत द्यायला कोणी नाही म्हणत नाही. पण चांगल्या पावसाच्या वर्षीही दरवर्षी पैसे द्यायचे, तेही कायम? इथे लोक हात आखडता घेतात.

1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्याकडून कर घ्यायचा आणि तो रोहयोसाठी वापरायचा. सोबत मोटार वाहन करासारख्या काही करांवर अधिभार आला. बागायती जमिनीवरही भार टाकला गेला. या करांतून जितके जमतील तितकेच पैसे सरकारने आपल्या तिजोरीतून घालायचे, असं ठरलं.

आणि या करावरून शहरं पेटून उठली नाहीत. याची कारणं योजनेच्या रचनेत सापडतात.

एक तर हा पैसा फुकट वाटला जातोय असं कोणाला म्हणता येत नव्हतं. मजूर घाम गाळत होता. आयतं खाणारे, हा आरोप अशा योजनेला चिकटत नाही. पैसे देणाऱ्याच्या मनात घेणाऱ्याबद्दल संशय नसला की तो कर भरतो.

दुसरं म्हणजे 1972 नंतर मुंबईच्या फुटपाथवर आलेले दुष्काळी लोक शहराने बघितले होते. गावात काम मिळालं तर माणूस गावात राहील, हे मुंबईकराला समजावून सांगायची गरज नव्हती.

तिसरं कारण जमीनदारांचं. मजुरी वाढेल याची त्यांना धास्ती होती. पण रस्ता त्यांच्या शेतापर्यंत येणार होता आणि पाझर तलावाचं पाणी त्यांच्याच विहिरीला लागणार होतं. ज्याच्याकडे जमीन त्याला मालमत्तेचा फायदा, ज्याच्याकडे नाही त्याला मजुरी. योजनेवर ही टीकासुद्धा झाली. पण म्हणूनच तिला गावातून मोठा विरोध झाला नाही.

सगळ्यांना देणारी योजना महाग पडते, तरी टिकते. कारण तिच्यात सगळ्यांचं काहीतरी असतं. फक्त गरिबांसाठीची योजना स्वस्त असते, पण अडचणीच्या वर्षी तिच्या बाजूने बोलायला कोणी ताकदवान उरत नाही. पागेंच्या योजनेत मजुरी गरिबालाच मिळत होती, पण तिचे पाठीराखे सगळ्या थरांत होते.

कायदा झाला

1977 मध्ये महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम विधिमंडळात आला आणि एकमताने मंजूर झाला. तेव्हा पागे परिषदेच्या सभापतीच्या खुर्चीवर होते. राष्ट्रपतींची संमती मिळून तो लागू झाला 26 जानेवारी 1979 ला.

ग्रामीण भागातल्या कोणत्याही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं की 15 दिवसांत ते द्यायचं. नाही देता आलं तर बेकारी भत्ता, दिवसाला किमान 1 रुपया. मजुरी केलेल्या कामाच्या मापावर, बाई आणि पुरुषाला एकच दर. खर्चातला किमान 60 टक्के वाटा मजुरीवर गेला पाहिजे. आणि वर्षाला इतकेच दिवस, अशी कुटुंबावर मर्यादा नाही.

एक रुपया भत्ता आज किरकोळ वाटतो. तेव्हाही तो कमीच होता. पण त्या रुपयाने सरकारला कायद्याने बांधलं. काम नाही दिलं तर सरकार चुकलं, मजूर नव्हे.

1979-80 मध्ये रोहयोवर सुमारे 20 कोटी मनुष्यदिवस काम झालं. बायकांचा वाटा मोठा होता. काही ठिकाणी तर अर्ध्याच्या आसपास. घराबाहेर स्वतःच्या नावाने हजेरी आणि स्वतःच्या हातात मजुरी, ही अनेकींसाठी पहिलीच वेळ होती. तिला नवऱ्याचं उत्पन्न विचारलं गेलं नाही आणि कुटुंबप्रमुख कोण हेही नाही.

या चाळणीतून कोण पडलं?

पण पागेंच्या योजनेने सगळे प्रश्न सोडवले असं म्हणणं खोटं ठरेल.

पहिला प्रश्न मजुरीचा. दाखल्याची अट नसलेली योजना चालते ती मजुरी कमी असल्यामुळे. मजुरी वाढवली की जास्त लोक येतात आणि सरकारला खर्च झेपत नाही. 1988 मध्ये किमान वेतन जवळपास दुप्पट झालं, त्यासोबत रोहयोची मजुरीही वाढली. मजुरांना आनंद झाला. पण त्यानंतर एकूण काम झपाट्याने खाली आलं. कायद्यात हमी तशीच होती, पण मागूनही काम निघत नाही अशा तक्रारी वाढल्या. लेखी मागणीची पोच मिळायची नाही आणि पोच नाही म्हणजे भत्ता नाही.

दुसरा प्रश्न भ्रष्टाचाराचा. उत्पन्नाचा खोटा दाखला गेला, पण हजेरीपटावरची खोटी नावं आली. मापात मारलेली मजुरी, महिनोन् महिने उशिरा मिळणारे पैसे आणि पुढच्या पावसात वाहून जाणारे बांध, हे सगळं झालं.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. ज्याला कुदळ उचलताच येत नाही त्याचं काय? म्हातारी माणसं, अपंग, दीर्घ आजारी. काम हीच गरजेची परीक्षा धरली तर सगळ्यात अगतिक माणूस परीक्षेलाच बसू शकत नाही.

याचं उत्तर राज्याने वेगळ्या योजनेतून दिलं. 1980 मध्ये ए. आर. अंतुले मुख्यमंत्री झाले. ते याच रायगड जिल्ह्यातल्या आंबेतचे. त्यांच्या काळात संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. निराधार माणसाला दरमहा रोख रक्कम. पण इथे पुन्हा उत्पन्नाची अट आली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत असल्याचा दाखला हवा, असा नियम अनेक वर्षं राहिला.

21 हजार वर्षाला, म्हणजे महिन्याला 1750 रुपये. खुद्द या योजनेतून मिळणारी रक्कम 2023 मध्ये दरमहा 1500 झाली, म्हणजे वर्षाला 18 हजार. मुलगा कंपनीत कंत्राटी कामाला लागला तरी आईचं अनुदान या अटीत अडकतं, मग तो आईला सांभाळो न सांभाळो. ब्रिटनमधल्या घरांत 1931 नंतर जो राग होता, तो समजून घ्यायला फार लांब जायला नको.

म्हणजे एकाच राज्यात दोन रस्ते होते. अंगात ताकद असेल तर दाखला लागत नाही, काम मागा. ताकद नसेल तर तहसीलला खेटे घाला.

पागेंनंतर

1978 मध्ये पागे सभापतिपदावरून निवृत्त झाले, तरी रोहयोशी त्यांचं नातं सुटलं नाही. 1990 मध्ये त्यांचं निधन झालं. वय 79.

त्याच वर्षी रोहयोला फळबागेची जोड मिळाली. शेतकऱ्याने आपल्याच जमिनीत झाडं लावायची आणि मजुरीचा खर्च रोहयोतून मिळायचा. कोकणात रोहयोची मोठी कामं दुष्काळी जिल्ह्यांच्या मानाने कमीच निघायची. पण या फळबागांमुळे रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात आंबा आणि काजू वरकस जमिनीवर चढला. शेतात काम काढून माणसाला मजुरी द्यायची, हा पागेंच्या घरात झालेला 700 रुपयांचा हिशोबच इथे परत आला.

मग 2005 मध्ये दिल्लीत राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा झाला. फेब्रुवारी 2006 मध्ये 200 जिल्ह्यांत तो सुरू झाला. पुढे देशभर गेला आणि त्याला महात्मा गांधींचं नाव मिळालं. त्यात कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांची मर्यादा आली. पण मुख्य गोष्ट तशीच राहिली. 15 दिवसांत काम, नाहीतर भत्ता. पिवळं कार्ड आहे का, दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव आहे का, हे काम मागणाऱ्याला विचारायचं नाही. विसापूरच्या प्रयोगाला तेव्हा 40 वर्षं झाली होती.

सरकारी मदतीवर वाद झाला की बहुतेक वेळा तो पैशावर होतो. किती द्यायचे आणि कोणाला. पागेंच्या आयुष्यभराच्या कामात आणखी एक प्रश्न दिसतो. गरज सिद्ध करायचा बोजा कोणावर टाकायचा? दाखल्याच्या योजनेत तो गरिबावर असतो. त्याने रांगेत उभं राहायचं, मजुरी बुडवायची, फोटो आणि सह्या गोळा करायच्या आणि आपण किती हलाखीत आहोत हे चारचौघांत सांगायचं. रोहयोत तो बोजा सरकारवर आला. काम का दिलं नाही, हे सरकारने सांगायचं.

याची किंमत शहरातल्या पगारदाराने मोजली. पगाराच्या स्लिपवरची ती 200 रुपयांची ओळ त्याच ठरावाची खूण आहे.